गिलानुपट्ठाकाचे पाच गुण आणि आजची वृद्धसेवा

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या नावे वसविलेल्या राधानगरीच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांवर, तरुण पोटासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. धुवांधार पावसात त्यांच्या दारी कोणी पोहोचलेच, तर बहुधा गावची आशा सेविकाच. तिच्या अंगी कोणते गुण असावेत, या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर आमच्यापाशी आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने पीडित असा एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्यास स्वतः न्हाऊ घातले, उचलून मंचकावर निजविले. पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करता येणे; पथ्यापथ्य जाणणे; लाभासाठी नव्हे, तर मैत्रीचित्ताने सेवा करणे; मल, मूत्र, थुंकी, वांती यांची किळस न बाळगणे; आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उभारणे.

हा विचार विहारापुरताच राहिला नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या कामांत अनाथ व वृद्ध यांच्या हितसुखाचा उल्लेख आहे. आठव्या लेखात धम्मयात्रेतील वृद्धांची भेट व त्यांना द्यावयाचे धन यांचा निर्देश आहे. त्याच लेखाचा अंश १८८२ साली आपल्या सोपाऱ्यास सापडला.

आज संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचे दशक मानले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली प्राथमिक तपासणी साधी आहे : तीन शब्द सांगून काही वेळाने आठवावयास लावणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणे चौदा सेकंदांत जमते का, ते पाहणे, तीन महिन्यांत तीन किलोहून अधिक वजन नकळत घटले का, हे विचारणे, दृष्टी, श्रवण व मनाची उदासी यांची चौकशी करणे. यासाठी यंत्रे फारशी लागत नाहीत. जाणती नजर व ऐकून घेणारे मन लागते. पहिला, दुसरा व पाचवा गुण येथे नव्या रूपात दिसतात.

उरलेल्या दोहोंविषयी मात्र आम्हास स्पष्ट बोलले पाहिजे. घाण काढण्याचे काम या देशाने जन्मावरून काही जातींच्या माथी मारले. भगवंतांनी ते स्वतःच्या हातांनी करून शुश्रूषेचा गुण ठरविला. म्हणून ते कोणा एका जातीचे काम नव्हे, प्रत्येक शुश्रूषकाचे कौशल्य आहे. तसेच, लाभाची अपेक्षा नसावी, हे वचन सेविकेचे मोल बुडविण्यासाठी वापरता येणार नाही. महाराष्ट्रातील आशा सेविकांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला, हे विसरू नये. त्यागाचा उपदेश भिक्खूला होता. संसार चालविणाऱ्या स्त्रीला शिक्षण, साधने व योग्य वेतन देणे हे समाजाचे कर्तव्य होय. तिचे पोट भरलेले असेल, तरच वाडीवरच्या म्हातारीपाशी दोन घटका बसण्याची मैत्री टिकेल.