कोर्नारोचे १२ औंस

इटलीतल्या पादुआ शहरी लुईजी कोर्नारो नावाचा सधन गृहस्थ राहत असे. तरुणपणी खाण्यापिण्याला धरबंध नव्हता. चाळिशीच्या आत पोटदुखी नि तापाने जेरीस आला. वैद्यांनी अखेर सांगितले, 'मोजून खा.' मग दिवसाला १२ औंस अन्न, म्हणजे पाव किलोहून थोडे अधिक, आणि १४ औंस द्राक्षमद्य, बस्स! (नांगर धरणाऱ्याला हे माप पुरायचे नाही, बरं का.) म्हातारपणी आप्तांनी आग्रह केला. आग्रह काय आपल्याकडेच होतो? दोन-दोन औंस वाढले, आणि तापाने ३५ दिवस अंथरुण धरले! ही हकीकत त्याने १५५८ साली स्वतःच छापली. तो १५६६ मध्ये वारला. लोक त्याची शंभरी सांगतात. संशोधक ऐंशीच्या आसपास धरतात.