नव्वद सेकंदांचा गायक

३० ऑगस्ट १९९९ रोजी जपानमधील कावागुची सरोवराकाठच्या एका रंगमंदिरात ५१ वर्षांचा एक गायक गायला उभा राहिला, तो दुसऱ्या दिवशीच थांबला. २४ तासांत त्याने १००० गाणी म्हटली. त्याचे नाव इचिरो मिझुकी. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही नाक मुरडले, हे कबूल करायला हवे. गाणे ही काय जोर-बैठकांसारखी मोजायची गोष्ट आहे? पण मग सहज हिशेब मांडला. २४ तासांत १००० गाणी म्हणजे एका गाण्याला सरासरी ८६ सेकंद. दूरचित्रवाणीवरच्या जपानी चित्रमालिकेचे शीर्षकगीत साधारण दीड मिनिटाचे असते. ज्या मापाच्या चौकटीत या माणसाचे आयुष्य गेले, तेच माप त्याच्या विक्रमालाही लागू पडत होते. तेव्हापासून आम्ही त्या विक्रमाला हसणे सोडले.

मिझुकी यांचा जन्म १९४८ सालचा, तोक्योचा. १९६८ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली, ती त्या काळच्या लोकप्रिय भावगीतांच्या वळणाची. ती चालली नाही. अशा गायकापुढे १९७१ साली ‘गेन्शी शोनेन र्‍यू’ या आदिमानवांच्या काळातल्या मुलाच्या चित्रमालिकेचे गीत आले. अशा गीतांना तेव्हा स्वतंत्र नावही नव्हते. ‘टीव्ही-मांगाची गाणी’ एवढीच त्यांची ओळख. तबकड्या बालगीतांच्या खणात विकल्या जात आणि वेष्टनावर चित्र असे ते नायकाचे किंवा राक्षसाचे. गायकाचा चेहरा कुणाला ठाऊक नसे. पार्श्वगायनाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण आपल्याकडे पार्श्वगायकाला निदान प्रौढांच्या जगात मान होता. इथे तोही नव्हता.

या प्रकाराची सुरुवात मात्र मुळीच हलकी नव्हती. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द पुढे शुंतारो तानिकावा यांनी लिहिले. जपानच्या आधुनिक कवितेतले हे अग्रगण्य नाव. गाणारा होता मुलांचा वृंद. म्हणजे मुलांसाठीचे गाणे मुलांनीच म्हणावे, अशी कल्पना. ३ डिसेंबर १९७२ रोजी गो नागाई यांची ‘माझिंगर झेड’ ही मालिका सुरू झाली आणि मिझुकी यांच्या आवाजाने ती कल्पना मागे सारली. संगीतकार मिचिआकी वातानाबे यांच्या चालीत पितळी वाद्यांचा गजर होता आणि त्यावर एका मोठ्या माणसाचा पूर्ण ताकदीने लावलेला आवाज. लाडे लाडे बोलणे नाही, बोबडेपणा नाही. समोर सात वर्षांचे पोर बसले आहे म्हणून सूर खाली आणलेला नाही. आम्हाला त्या गाण्यातली खरी क्रांती हीच वाटते. मुलांना त्याने श्रोत्याचा दर्जा दिला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. या गीतांचा बाजाराशी जवळचा संबंध होता. यंत्रमानवाचे नाव पुनःपुन्हा उच्चारायचे, त्याच्या शस्त्रांची यादी म्हणायची, हा रचनेचा ठरलेला साचा. त्याच माझिंगरची धातूची खेळणी १९७४ पासून जपानभर खपली. गीत हे एका अर्थी त्या खेळण्याचे विज्ञापनही होते. परंतु विज्ञापन म्हणून बांधलेली वस्तू गायक किती गांभीर्याने घेतो, हा प्रश्न उरतोच. ‘कमेन रायडर एक्स’, ‘कॉम्बॅटलर व्ही’, ‘कॅप्टन हारलॉक’ अशी एकामागून एक गीते मिझुकी गात गेले, आणि ‘झेड’ या एका अक्षराची त्यांची लांबलचक आरोळी हीच त्यांची सही ठरली. इसाओ सासाकी, मित्सुको होरिए आणि कुमिको ओसुगी यांच्यासह त्यांची गणना या गायकीच्या चार आधारस्तंभांत होऊ लागली.

१९८० च्या दशकात वारे फिरले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आपले लोकप्रिय गायक चित्रमालिकांना जोडून द्यायला सुरुवात केली. ‘कॅट्स आय’चे १९८३ मधले आन्री यांचे गीत किंवा ‘सिटी हंटर’साठी १९८७ मध्ये आलेले टीएम नेटवर्कचे गीत घ्या. मालिका बाजूला ठेवली तरी ती रेडिओवर स्वतंत्रपणे चालत. नायकाचे नाव पुकारण्याचा साचा जुना झाला, आणि नाव पुकारणाऱ्यांची गरज कमी झाली. ज्या आवाजांनी हे क्षेत्र उभे केले, तेच त्यात जुनाट ठरू लागले. १९९९ चा तो हजार गाण्यांचा खटाटोप या पार्श्वभूमीवर पाहावा. ज्या गाण्यांना कुणी मोजत नव्हते, ती एका माणसाने मोजून दाखवली.

पुढच्याच वर्षी, २००० साली, हिरोनोबु कागेयामा प्रभृतींसह त्यांनी ‘जॅम प्रोजेक्ट’ हा गायकसंघ उभारला. कागेयामा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल झेड’च्या १९८९ च्या शीर्षकगीताचा आवाज. नवी पिढी उभी राहिल्यावर मिझुकी तिथून हळूहळू मागे सरले. ‘आनिसोन’ हा शब्द एव्हाना रुळला होता, आणि त्यांना सगळे ‘आनिकी’, म्हणजे थोरले बंधू, म्हणत होते.

आपण मात्र या आवाजांना मुकलो. भारतात ‘मोगली’ आला, तीही १९८९ सालची जपानी चित्रमालिकाच. पण दूरदर्शनवर तिच्या आरंभी वाजले ते गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे गीत. ते उत्तमच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ गीतही असते, हे आम्हाला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. फिलिपिन्समध्ये उलट घडले. तिथे मित्सुको होरिए यांनी गायलेले ‘व्होल्टेस फाइव्ह’चे जपानी गीत तसेच वाजत राहिले. १९७९ मध्ये मार्कोस यांनी मालिका शेवटापूर्वीच बंद पाडली, तरी भाषा न कळणाऱ्या मुलांना ते गीत पाठ होते. २०२३ साली तिथे नवी आवृत्ती निघाली तेव्हाही गीत जपानीच ठेवले गेले. मालिका सीमा ओलांडते तेव्हा सर्वांत आधी कापले जाते ते शीर्षकगीत. न कापल्यास काय उरते, ते मनिलात दिसते.

२०२१ मध्ये मिझुकी यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. जुलै २०२२ मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि गाणे चालूच ठेवले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये संगीतकार वातानाबे वारले होते. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी मिझुकी चाकांच्या खुर्चीत बसून अखेरचे गायले, आणि ६ डिसेंबरला, वयाच्या ७४ व्या वर्षी, निवर्तले. ‘माझिंगर झेड’ सुरू झाल्याला तेव्हा नुकतीच ५० वर्षे झाली होती.

१९६८ साली भावगीत गाऊन नाव मिळवू पाहणारा तो तरुण मागेच राहिला. त्याचे काय झाले असते, याचा विचार करण्यात अर्थ नाही. प्रतिष्ठित संगीतात जागा मिळावी म्हणून पुष्कळ गायक आपले पहिले क्षेत्र सोडतात. मिझुकी यांनी क्षेत्र सोडले नाही. त्याचीच प्रतिष्ठा वाढवली. बालगीतांच्या खणात ठेवलेल्या गोष्टींकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे एकदा तपासून पाहावे, एवढे तरी आम्ही त्यांच्याकडून शिकलो.