तारेवरचे मणी आणि सोळा आणे

पाटीच्या लाकडी चौकटीत तारांवर ओवलेले रंगीत मणी अनेकांना आठवत असतील. एका तारेवर दहा मणी. मुलांना ते खेळणे वाटे, शिक्षकांना अंकगणित!

या मण्यांचा पूर्वज रशियातल्या दुकानांत सापडतो. तिथले व्यापारी 'श्चोती' नावाच्या चौकटीवर हिशेब करीत. शंभर कोपेकचा रूबल त्यांच्याकडे १७०४ पासूनच होता, त्यामुळे दहा-दहा मण्यांच्या तारा सोयीच्या. एक तार मात्र चारच मण्यांची, पाव कोपेकच्या 'पोलुश्का' या नाण्यासाठी. नेपोलियनच्या १८१२ च्या स्वारीत पकडला गेलेला फ्रेंच गणिती पोंसले सारातोव्हला कैदेत होता. १८१४ मध्ये सुटून परतल्यावर त्याने ही चौकट फ्रान्समध्ये मुलांना शिकवण्यासाठी आणली, असे सांगतात. शाळेच्या चौकटीतून चार मण्यांची तार मात्र गळाली.

आणि आपल्याला तर नेमकी तिचीच गरज होती! रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पाटीवर दहा आणि वाण्याकडे चार व सोळा. ही दरी भरून काढली ती तोंडी पाढ्यांनी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या पोराला पावलीच्या सात वस्तूंचे पावणेदोन रुपये सांगायला कागद लागत नसे.

१ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि नाणे मण्यांशी जुळले. तेही एकदम नाही, कारण जुनी नाणी काही वर्षे सोबत चालली. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वासहाचे नाणे कुठून आणणार? सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला बरोबर २५. म्हणजे आण्या-आण्याने तीनदा दिले तर १८, एकदम दिले तर १९. गिऱ्हाईक आणि वाणी यांच्यात यावरून हुज्जत न होती तरच नवल.

दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण वाण्याकडे अडेनासे झाल्यावर पावकी-दिडकी घोकायचे कारणही उरले नाही, आणि पाव, पाऊण, दीड मुलांच्या जिभेवरून उतरून वहीत गेले. हा तोटा मला मोठा वाटतो. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. 'चार आणे' हा शब्द मात्र बोलण्यात अजून आहे.