ओहमचा भागाकार

आजचा विषय आपण सगळ्यांनी दहावीत पाठ केलेला आहे. दाब भागिले धारा म्हणजे रोध. दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती. व्होल्टमीटरचा आकडा घ्या, अ‍ॅमीटरचा घ्या, भागा किंवा गुणा, दोन मार्क खिशात. बीटेकच्या चार वर्षांत मी अशी गणितं ढिगाने सोडवली. पण गंमत बघा, हा भागाकार ज्याच्यामुळे आपल्याला मिळाला त्या माणसाकडे आजच्यासारखा व्होल्टमीटर नव्हता, अ‍ॅमीटर नव्हता. व्होल्ट आणि अँपिअर ही एककंसुद्धा ठरलेली नव्हती. मग त्याने भागलं तरी कशाला?

तो माणूस म्हणजे गेऑर्ग सायमन ओहम. जन्म १७८९, जर्मनीतलं एरलांगेन गाव. वडील कुलपं बनवणारे कारागीर, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले आणि पोरांनाही शिकवणारे. १८१७ पासून ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचा मास्तर होता. शाळेत प्रयोगाचं सामान बऱ्यापैकी होतं. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता: तारेची लांबी वाढवली की वीज नेमकी किती कमी होते?

धारा मोजायला त्याने एक युक्ती वापरली. तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई वळते, हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं. ओहमने ती सुई एका बारीक धातूच्या पट्टीला टांगली. सुई वळली की पट्टीला पीळ देऊन ती परत जागेवर आणायची. जितका पीळ द्यावा लागला, तितकी धारा. झाला अ‍ॅमीटर!

खरी अडचण होती दाबाची. त्या काळच्या बॅटरीचं सर्किट जोडलं रे जोडलं की तिचा जोर उतरायला लागायचा, कारण आतल्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे जमायचे. म्हणजे तार बदलली म्हणून धारा कमी झाली, की बॅटरी थकली म्हणून, हे कळायला मार्गच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका वेळी दोन गोष्टी बदलत असतील, तर बग कुठे आहे ते सापडत नाही. १८२५ मध्ये ओहमने या आकड्यांवरून एक सूत्र छापलं. त्यात चक्क लॉगरिदम होता! ते सूत्र चुकीचं होतं.

मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज निर्माण होते, हा झेबेकचा शोध तेव्हा ताजा होता. १८२६ च्या जानेवारीत ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतंय तोवर १००, बर्फ वितळतोय तोवर ०. तापमानातला फरक हलत नाही, म्हणून दाबही हलत नाही. आता आठ वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडा आणि पीळ मोजा.

लॉगरिदम गायब झाला. उरला साधा भागाकार: धारा म्हणजे एक स्थिर आकडा, भागिले तारेची लांबी अधिक उरलेल्या सर्किटचा रोध. तापमानातला फरक कमी केला तर वरचा आकडा कमी झाला, खालचा जवळपास तोच राहिला. म्हणजे दाब वेगळा आणि रोध वेगळा, हे आकड्यांतूनच दिसलं.

१८२७ मध्ये त्याने यावर पुस्तक काढलं. अपेक्षा होती विद्यापीठात नोकरीची. झालं उलटंच. टीका झाली, नोकरी मिळाली नाही, आणि कोलोनची शाळाही सुटली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. म्यूनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला.

शक्तीचं काय? ते काम मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्याच्या मुलाने केलं, जेम्स ज्यूलने. तारेची गुंडाळी पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि थर्मामीटर बघायचा. १८४१ मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष: उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. यात ओहमचा भागाकार घाला, की दाब गुणिले धारा आपोआप मिळतं.

आता आपल्या घरातला गीझर घ्या. २३० व्होल्टवर १५०० वॉट. धारा साधारण ६.५ अँपिअर, रोध सुमारे ३५ ओहम. संध्याकाळी दाब १९० वर आला तर? दाब घटला १७ टक्के, पण दाबाबरोबर धाराही घटते. म्हणून शक्ती ३२ टक्क्यांनी घटून जेमतेम १०२५ वॉट उरते. पाणी तापायला वेळ का लागतो, ते कळलं ना!

आणि एक जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब घ्या. गणिताने रोध येतो ८८० ओहमच्या आसपास. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरवर मोजा, आकडा शंभरच्याही खाली दिसेल. गणित चूक नाही, मीटरही बिघडलेला नाही. पेटलेली टंगस्टनची तार २००० अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. भागाकार कधीही करता येतो, पण उत्तर त्या क्षणाच्या परिस्थितीचंच असतं. ओहमने बर्फ आणि उकळतं पाणी घेऊन सगळी धडपड केली ती हीच परिस्थिती धरून ठेवायला.

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं. त्याला जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.

चला, भेटू पुढच्या भागात!