पेट्रोलच्या वाफेची गळती : शोध कसा घ्यावा?

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीजवळ पेट्रोलचा वास येतो. मात्र जमिनीवर थेंबही सांडलेला नसतो. पीयूसी प्रमाणपत्रही वैध असते. अशा वेळी गळती पेट्रोलच्या वाफेची असण्याची शक्यता अधिक असते. पीयूसी चाचणीत केवळ सायलेन्सरमधून निघणारा धूर तपासला जातो. टाकी व नळ्यांतून निसटणारी वाफ त्यात मोजलीच जात नाही.

वाफेचा मार्ग

टाकीतील वाफ नळीवाटे कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. त्यातील सक्रिय कोळसा ती शोषून घेतो. इंजिन तापल्यावर पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. दुचाक्यांनाही बाष्प-उत्सर्जनाची मर्यादा बीएस-४ निकषांसोबत लागू झाली. १ एप्रिल २०१७ पासून ते निकष देशभर सक्तीचे झाले.

अमेरिकेत १९९६ पासून सुमारे १ मिलिमीटर, तर २००० पासून सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही मोटारीच्या संगणकाने स्वतः ओळखावे, असे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. तेथे पी०४४२ हा संकेतांक लहान, तर पी०४५६ हा अतिसूक्ष्म गळती दर्शवितो. भारतातील अनेक मोटारींत अशी गळती-चाचणी नसते. त्यामुळे इंजिनाचा दिवा लागला नाही म्हणून गळती नाही, असे समजू नये.

तपासणीचा क्रम

प्रथम टाकीचे झाकण पाहावे. त्याचे रबरी वायसर कडक झाले किंवा चिरले असल्यास ते बदलावे. त्यानंतर टाकीपासून कॅनिस्टरपर्यंतच्या नळ्या, विशेषतः जोडांजवळचे वाक, तपासावेत. जुन्या वाहनांतील रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे लवकर खराब होऊ शकते. इंजिन बंद असताना पर्ज व्हॉल्व्हमधून सहसा हवा आरपार जाता कामा नये. गेल्यास तो अडकला आहे, असे समजावे.

यातूनही दोष न सापडल्यास धूर-चाचणी हा खात्रीचा उपाय होय. प्रशिक्षित मेकॅनिक यंत्राद्वारे एक पीएसआयहूनही कमी दाबाने धूर सोडतो आणि तो कोठून बाहेर पडतो ते प्रखर प्रकाशात पाहतो. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडल्यास टाकी व व्हॉल्व्ह निकामी होऊ शकतात.

दक्षता आवश्यक

पंपावरील नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरू नये. द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरल्यास कोळसा निकामी होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद जागेत जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीनेही पेट घेते. त्यातील बेंझिन कर्करोगकारक आहे. म्हणून वास येणारे वाहन घरात वा बंद गॅरेजात उभे करू नये आणि तपासणीवेळी काडी किंवा लायटर कदापि पेटवू नये.