गोधडीची नक्षी मोबाईलवर : एआय कुठं कामाचं, कुठं फसवतं

उन्हाळ्यात रानातलं काम हलकं झालं की आपल्याकडं ओसरीवर गोधड्या पसरतात. यंदा त्या गोधडीशेजारी मोबाईलही दिसतोय. बचत गटातल्या दोन-तीन बायांनी मला विचारलं, "भाऊ, एआयवर म्हणं गोधडीची नक्षी निघती. खरं का?" खरं आहे. पण त्यात एक गोम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधी माहिती. गुगलचं जेमिनी अ‍ॅप जून २०२४ पासून मराठीत चालतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआयचं गोल चिन्ह भारतात दिसू लागलं. चॅटजीपीटीलाही मराठी समजतं. मराठीत लिहून किंवा बोलून सांगितलं की ही अ‍ॅप उत्तर देतात, काही चित्रही काढून देतात. थोडा वापर फुकट असतो, पण दिवसाला किती चित्रं मिळतील यावर मर्यादा असते.

नुसतं "सुंदर गोधडी काढ" म्हटलं तर काय होतं? आमच्या घरी करून बघितलं. दुकानातल्या रजईसारखं गुळगुळीत, चांदण्या-फुलांचं चित्र आलं. आईनं चष्मा वर करून बघितलं आन् म्हणाली, "ही गोधडी न्हाई, ही गादीची खोळ हाय." तिचं बरोबर होतं. एआय इंटरनेटवरचे ढीगभर फोटो बघून शिकलेलं असतं. त्यात परदेशी क्विल्ट भरपूर आणि आपली वाकळ थोडी. धावदोऱ्याच्या ओळींनी कापडाला जी सुरकुती पडते, ती त्या चित्रात येत नाही.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी घरातल्या साड्या, लुगडी, सदरे जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. दिवसाच्या उजेडात एक फोटो काढा. फोटोत लेकरांचे चेहरे, घरातली कागदपत्रं येऊ देऊ नका. तो फोटो टाकून असं सांगा : "५ फूट रुंद, ७ फूट लांब गोधडी. ६ इंचाचे चौकोन, आडवे १०, उभे १४. फक्त या फोटोतले पाच रंग वापर. कडेला हिरवा काठ. फुलं, वेली नको." आता चित्र कामाचं येतं. गडद रंग मधी घ्यावा का कडेला, लाल आणि जांभळा शेजारी कसा दिसतो, हे कापडाला कात्री न लावता चार तऱ्हांनी बघायला मिळतं. एआयचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही. एकदा कापलेलं लुगडं परत जुळत नाही.

चित्रातले चौकोन मात्र मोजून घ्या. वरच्या ओळीत १०, खालच्या ओळीत ११ असं होतं. चित्र हे माप नव्हे. माप कागदावरच काढायचं.

सगळ्यात मोठी चूक हिशोबात होते. आमच्या मंडळींनी किती तुकडे लागतील विचारलं तर उत्तर आलं १४०, ६ इंचाचे कापा. १४० बरोबर. पण शिवताना चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच दुमडीत जातो, हे त्यानं धरलंच नाही. ६ इंचाचा तुकडा कापला तर शिवून ५ इंचच उरतो. मग ५ बाय ७ ची गोधडी होते ४ फूट २ इंच बाय ५ फूट १० इंच. पाय बाहेर! तुकडा ७ इंचाचाच कापायचा. पाच साड्या असतील तर प्रत्येकीतून २८ तुकडे. काठ काढून ४० इंच पन्हा उरला तर आडवे ५ तुकडे बसतात, म्हणजे ६ ओळी, म्हणजे प्रत्येक साडीचा साडेतीन फूट धड भाग पाहिजे. साडी कुठं विरली आहे हे मोबाईलला कळत नाही, ती उजेडाकडं धरूनच बघावी लागते.

रंगाचंही तसंच. कापडाचा रंग कच्चा आहे का, हे फोटोत दिसत नाही. ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. सुती आणि पॉलिस्टर एकत्र शिवणार असाल तर आधी सगळं धुवून घ्या. सुती कापड आटतं, पॉलिस्टर आटत नाही, मग गोधडी एका बाजूला ओढते. कोणता रंग गडद, कोणता फिका हे बघायला तर एआयही नको. मोबाईलमधल्या फोटोला काळा-पांढरा करा, लगेच समजतं.

टाक्यांबाबत एआयला विचारूच नका. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बाया कवंदी शिवतात, ती कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं आत मध्यापर्यंत. आपल्याकडंही घराघराची रीत वेगळी. ती हातानं हाताला शिकवायची गोष्ट आहे.

आता गोम. आमच्या घरच्या गटानं गेल्या साली एआयचं चित्रच पुण्याच्या गिऱ्हाईकाला पाठवलं. ऑर्डर आली, आगाऊ पैसेही आले. दीड महिना तिघींनी शिवली. गोधडी चांगलीच झाली, पण चित्रासारखी नव्हती, होणारही नव्हती. गिऱ्हाईकानं फोटोशी ताडून बघितलं आणि परत पाठवली. पैसे परत द्यावे लागले, वर पार्सलचा खर्च अंगावर पडला. चूक गिऱ्हाईकाची म्हणता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडं ठरलंय : गिऱ्हाईकाला आधी शिवलेल्या गोधडीचा खरा फोटो जातो, सोबत कापडाच्या तुकड्यांचा फोटो. एआयचं चित्र दाखवलंच तर "हा फक्त रंगांचा अंदाज" असं मेसेजमध्ये लिहूनच.

परत आलेली ती गोधडी सध्या आमच्या आईच्या अंगावर असते.