खोक्याचा आकार आणि घराचा आकार : घरगुती स्पीकरची शंभर वर्षे

घरी निवांत गाणे ऐकण्यासाठी चांगले स्पीकर घ्यायचे म्हटले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो : बुकशेल्फ की फ्लोअरस्टँडर? म्हणजे फळीवर मावणारा लहान जोड, की जमिनीवर उभा राहणारा उंच जोड. लहान तो तडजोडीचा आणि उंच तो ऐपतीचा, हे या प्रश्नातच गृहीत धरलेले असते. किमतीही तेच सुचवतात. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून एकदाच करायची ही खरेदी माझ्यासमोर होती, म्हणून या दोन आकारांची कुळकथा मी मुळापासून तपासायला घेतली. पेटंटे, ध्वनिशास्त्राचे शोधनिबंध, बीबीसीचा अहवाल असे साहित्य वाचताना एक सूत्र हाती लागले. स्पीकर किती मोठा असावा, याचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर मुख्यतः घरांनी केला आहे. तंत्रज्ञान त्या निर्णयाच्या मागून चालत आले.

मागचा आवाज

१९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी नव्या प्रकारच्या स्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी ती रचना होती. वेटोळ्यातला विद्युतप्रवाह बदलला की शंकू मागेपुढे हलतो आणि हवेत लहरी उठतात. आजही बहुतेक सगळे स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

या रचनेत एक जन्मजात अडचण आहे. शंकू पुढची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असल्याने त्या शंकूला वळसा घालून पुढे येतात आणि पुढच्या लहरींना खोडून टाकतात. उघड्यावर वाजवलेला स्पीकर म्हणूनच चिरका वाटतो. उपाय एकच : मागचा आवाज कोंडायचा. पण खोके लहान असेल तर आत अडकलेली हवा कडक स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूला खोल खर्जाइतके सैलपणे हलू देत नाही. त्यामुळे खर्ज हवा तर खोके मोठे, असा नियमच होऊन बसला. अमेरिकेतले हौशी श्रोते तर कपाटाच्या दाराला किंवा चक्क भिंतीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवत.

या काळातले सर्वांत बुद्धिमान उत्तर पॉल क्लिप्श यांचे. आर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावी त्यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली आणि 'क्लिप्शहॉर्न' विकायला आणला. ग्रामोफोनचा कर्णा आपल्याला चित्रातून तरी माहीत असतो. तसाच, पण खर्जासाठी लागणारा प्रचंड कर्णा त्यांनी लाकडी खोक्यात घड्या घालून बसवला आणि खोके खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितले. कोपऱ्यातल्या दोन भिंती हेच त्या कर्ण्याचे पुढचे तोंड! अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असण्याच्या त्या दिवसांत एवढ्याशा शक्तीत मिळणारा असा दणदणीत आवाज मोलाचा होता. अट एवढीच, की मोठा दिवाणखाना आणि मोकळा कोपरा हवा.

गादीच्या कापडाची किनार

एडगर विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनावर संध्याकाळचा वर्ग घेत. खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते, ही ज्यांना अडचण वाटत होती तिलाच त्यांनी कामाला लावायचे ठरवले. शंकूला कडेने धरून ठेवणारी किनार मुद्दाम अगदी सैल करायची आणि शंकूला परत जागेवर आणण्याचे काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवायचे. हवेची स्प्रिंग कापडाच्या किनारीपेक्षा अधिक समतोलपणे ताणते, त्यामुळे आवाज कमी विकृत होतो. पहिल्या नमुन्याची किनार गादीच्या कापडातून, पत्नी रोझमेरी यांच्या मदतीने तयार झाली. प्रस्थापित कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. मग हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर विल्चर यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी सुरू केली. त्यांच्या 'एआर-१' चे खोके साधारण २५ इंच लांब, १४ इंच रुंद आणि ११ इंचांहून थोडे अधिक खोल. कपाटाएवढ्या खोक्यांतून येणारा खर्ज यातून ऐकू येऊ लागला. बुकशेल्फ स्पीकरची कथा खरी येथून सुरू होते. पुढे दुसऱ्या एका कंपनीबरोबरच्या वादात, हे तत्त्व आधीच्या एका पेटंटात आले आहे असे ठरले. विल्चर यांनी अपील केले नाही आणि ही रचना सर्वांना खुली झाली.

या लहान खोक्याला खरा हात दिला तो १९५८ ने. त्या वर्षी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एका स्पीकरच्या जागी दोन लागू लागले. एका अवाढव्य खोक्याला कशीबशी जागा करून देणाऱ्या घराला दुसरे परवडणारे नव्हते. कोपऱ्यातल्या स्पीकरसाठी तर एकाच भिंतीची दोन्ही टोके मोकळी हवीत; तिथे दार तरी निघते नाहीतर खिडकी. फळीवरच्या जोडीला ही अडचण नव्हती.

मात्र त्याची किंमत मोजावी लागली. क्लॉस यांचे पुढचे सहकारी अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान खोके, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. विल्चर यांनी तिसरी सोडली. हे सोडणे परवडले, कारण साठच्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे जास्त वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त होत गेले.

व्हॅनमधला आणि मनोऱ्यासारखा

लहानपणाची दुसरी परिसीमा बीबीसीने गाठली. बाहेरून कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या व्हॅनमध्ये ध्वनी तपासायला स्पीकर हवा होता, आणि जागा नव्हती. त्यासाठी संशोधन विभागाने 'एलएस३/५ए' घडवला. त्याचा अहवाल १९७६ चा आहे. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९. खोल खर्ज यात नाही, हे निर्मात्यांना माहीत होते. माणसाचे बोलणे खरे वाटावे, ही त्यांची कसोटी होती. क्लिप्शहॉर्न आणि हा स्पीकर यांच्या संवेदनक्षमतेत सुमारे २० डेसिबलचा फरक आहे. म्हणजे एकाला जिथे १ वॅट पुरतो, तिथे दुसऱ्याला १०० लागतात. तरीही घरोघरच्या श्रोत्यांनी व्हॅनमधला हा स्पीकर आपलासा केला.

उंच स्पीकरही संपले नाहीत. खोक्याला भोक ठेवून मागच्या आवाजाचा काही भाग खर्जासाठी वापरण्याची युक्ती बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्येच पेटंटसाठी मांडली होती, पण ती बरीचशी अंदाजाने वापरली जाई. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात तिचे गणित बसवले. मग खोके अरुंद आणि उंच करून, हवे तेवढे आकारमान राखून, मनोऱ्यासारखे स्पीकर नेमकेपणाने बनवता येऊ लागले.

दरम्यान लहान स्पीकर फळीवरून खाली उतरला होता. मागच्या भिंतीमुळे आणि शेजारच्या पुस्तकांमुळे त्याचा आवाज बदलतो, म्हणून जाणकार तो दोन फुटी स्टँडवर ठेवू लागले. परिणामी आज स्टँडवरचा 'बुकशेल्फ' आणि अरुंद मनोरा जमिनीवर जवळजवळ सारखीच जागा घेतात. जागा वाचते, हे लहान स्पीकरचे मूळ समर्थन त्यामुळे बरेचसे गळून पडते आणि प्रश्न उरतो तो खर्जाचा.

आपल्या भिंती

हा सारा इतिहास प्रामुख्याने अमेरिकी आणि ब्रिटिश घरांचा आहे. अमेरिकी उपनगरांतल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या थरथरतात आणि खर्जाचा काही भाग शोषतात, काही बाहेर जाऊ देतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो आतच परतवतात. माझी खोली १० बाय १२ फुटांची. ध्वनीच्या वेगाने हिशेब केला तर अशा खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास लहरी भिंतींमध्ये उभ्या राहतात. एका स्नेह्याचे उंच स्पीकर आणून मी त्यांवर ३० ते १०० हर्ट्झचे शुद्ध सूर वाजवून पाहिले. ४७ च्या सुमारास भिंतीपाशी बसले की आवाज अंगावर येई, आणि खोलीच्या मधोमध बसले की तोच जवळजवळ नाहीसा होई. स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर आहे यावर त्याचा खर्ज किती अवलंबून असतो, हे रॉय अ‍ॅलिसन यांनी १९७४ च्या निबंधात दाखवलेच आहे. लहान खोलीत स्पीकर भिंतींपासून दूर नेणार तरी किती?

दुसरा प्रश्न आपल्या संगीताचा. सोळा फुटी ऑर्गन-नळीचा सूर ३३ हर्ट्झच्या आसपास असतो, डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ ची. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो १३९ आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. शिवाय तानपुऱ्याचे वैभव मूळ सुरापेक्षा वरच्या स्वयंभू स्वरांत अधिक. ६०-७० हर्ट्झपर्यंत स्वच्छ जाणारा लहान स्पीकर ख्यालगायकीचे फारसे काही गमावत नाही. तबल्याच्या बायाचा भरीवपणा थोडा कमी होतो, आणि तो मला जाणवतो. ऑर्गन, ऑर्केस्ट्रा किंवा आजचे चित्रपटसंगीत मनापासून ऐकणाऱ्याचे नुकसान मात्र मोठे आहे. त्याच्याकडे १५ बाय २० चा हॉल असेल, तर उंच स्पीकरला पर्याय शोधत बसू नये.

मी स्वतःसाठी लहान जोड घेतला आणि उरलेले पैसे मजबूत स्टँड आणि जाड पडद्यांवर घातले. वाचकाचा निर्णय वेगळा असू शकतो. दुकानात जाण्यापूर्वी खोलीची लांबी-रुंदी, बसण्याची जागा आणि भिंतीपासून मिळणारे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून न्यावे, आणि आपण रोज काय ऐकतो तेही. विल्चर, क्लिप्श आणि बीबीसीचे संशोधक यांची उत्तरे वेगळी आली, कारण त्यांनी मोजलेल्या खोल्या वेगळ्या होत्या.